घोडीनं ऐकायचं कुणाचं?

फोन उचलला की पलीकडून पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो, "तासाला किती घेता?" मी आकडा सांगते. मग जरा थांबून, "रंकाळ्यावर तर याच्यापेक्षा कितीतरी स्वस्तात बसवतात की ओ." बसवतात, खरंय. तिथं लगाम घोडेवाल्याच्या हातात असतो आणि पोराच्या हातात आइस्क्रीम. आमच्याकडं पहिल्या दिवशी घोड्यावर बसायलाच मिळत नाही. हातात खरारा देतो. अंग घासायचं, खूर उचलून त्यातली माती काढायची, लीद भरायची आणि घोड्याला हाताशी धरून रिंगणात चालायचं. एवढ्यात तास संपतो. काही पालक दुसऱ्या दिवशी येत नाहीत. त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. त्यांना फेरी हवी असते, आम्ही शिकवणी घेतो.

घरातल्या वह्या माझ्याकडं असल्यामुळं तासाच्या हिशेबाचं मला हसू येतं. चारशे किलोचं जनावर दिवसाला सात-आठ किलो सुका चारा खातं, तीस-चाळीस लिटर पाणी पितं. त्याचं जठर अंगाच्या मानानं लहान, त्यामुळं एकदम घालून मोकळं होता येत नाही, दिवसभर थोडंथोडं घालावं लागतं. शिवाय घोड्याला ओकता येत नाही. बुरशी आलेल्या कडब्याची एखादी पेंढी पोटात गेली की पोटशूळ उठतो आणि रात्रभर त्याला फिरवत डॉक्टरची वाट बघायची. नालबंद दर सहा-सात आठवड्यांनी येणार, त्याचे पैसे वेगळे. धनुर्वाताची लस वेगळी. घोडा कमावतो दिवसातले दोन तास, खातो चोवीस तास. हे गणित मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. माझं माहेर गडहिंग्लजचं, वडील शिक्षक, घरात फार तर मांजर.

कोल्हापुरातून शिवाजी पूल ओलांडला की पन्हाळ्याच्या रस्त्याला थोडं आत आमची पागा आहे. पागा म्हणायचं ते आबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या समाधानासाठी. खरं तर पत्र्याचा तबेला, मातीचं गोल रिंगण आणि उसाच्या दोन फडांमधून गेलेली एक लांब पट्टी. आबांचे वडील टांगा हाकायचे, स्टेशन ते महाद्वार. रिक्षा आल्या, टांगे गेले, तेव्हा आबांनी घोडी वरातीला द्यायला सुरुवात केली. जोडीला लोकांची कोवळी जनावरं फिरवून, लगामाची सवय लावून द्यायचे. जुने लोक अजून त्यांना चाबूकस्वार म्हणतात. आमचे हे पुण्याला एका रायडिंग क्लबात नोकरीला होते, आधी मोतद्दार म्हणून, म्हणजे घोड्यांची निगा राखायला, मग शिकवायला. तिथून परत आले ते डोक्यात शिकवणीवर्गाची कल्पना आणि हातात एक जाडजूड वही घेऊन.

आणि तिथूनच आमच्या घरातली भांडणं सुरू झाली.

घोडा ओढल्यानं शिकत नाही, सोडल्यानं शिकतो. ही ह्यांच्या वहीतली पहिली ओळ. म्हणजे असं, की स्वारानं पायानं बरगडीला दाब दिला, घोडा एक पाऊल पुढं सरकला, की त्याच क्षणी दाब गेला पाहिजे. दाब गेला हेच त्याचं बक्षीस. क्षणभर उशीर झाला तर तेवढ्यात घोड्यानं मान हलवलेली असते, शेपूट झटकलेली असते, आणि मग त्याला वाटतं, हां, मान हलवली म्हणून सुटका झाली. पुढच्या वेळी तो मान हलवतो. मालक म्हणतो, घोडा खोडकर आहे. घोडा बिचारा सांगितलेलं करत असतो.

आता एका घोडीला हाताळणारी माणसं किती? आबा, हे, भाऊजी, माझी पोरगी, आठवड्याला येणारी वीसेक मुलं, आणि सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे आई म्हणतो. त्या आयुष्यात कधी घोड्यावर बसलेल्या नाहीत, पण दाणा त्यांच्या हातचा असतो. प्रत्येकाचा दाब वेगळा, सोडायची वेळ वेगळी. आबा अर्ध्या पावलावर सोडतात, कारण अर्ध्या पावलात त्यांना घोडीचा विचार कळतो. हे पूर्ण पाऊल झाल्याशिवाय सोडत नाहीत. भाऊजींचं लक्ष मोबाइलमध्ये. पोरगी सोडायचंच विसरते. आणि लाडी, आमची मारवाडी घोडी, ह्या सगळ्यांचा मेळ घालत जगते.

लाडी सारंगखेड्याच्या बाजारातली. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो तिथली. आबांनी तिथं तिच्या अंगावरचे केसांचे भोवरे बघितले, दात बघितले, रुमालाखाली बोटं दाबून सौदा केला. ह्यांनी फक्त तिची चाल आणि पाय बघितले. दोघांनाही ती पसंत पडली, ही दुर्मीळ घटना. कानांची टोकं एकमेकांना टेकतात अशी, देखणी आणि फार हुशार. हुशार घोडी शिकवणीला वाईट असते, हे मला पुढं कळलं. मंद घोडा सांगितलेलं विसरतो, त्यामुळं चुकीचं सांगितलेलंही विसरतो. लाडी काही विसरत नाही.

तर झालं असं. एक लहान मुलगी लाडीवर बसून रिंगणात चालत होती. शांत, पावलापावलानं. मधेच लाडीनं दुडकी धरली. मुलगी उडाली, मानेला मिठी मारून कशीबशी टिकली. हे ओरडले, लाडी थांबली. परत चालवलं. जरा वेळानं परत दुडकी. कुणी टाच मारली नव्हती, कुणी काही बोललं नव्हतं. तिसऱ्या वेळी आमच्या पोरीच्या लक्षात आलं. रिंगणाच्या कडेला बाजेवर आबा पेपर वाचत बसले होते. पेपरात कुठं अपघात, कुठं आत्महत्या. प्रत्येक बातमीला आबा जिभेनं च्च् च्च् करत होते. आणि ह्यांनी महिनाभर खपून लाडीला शिकवलं होतं, की जिभेचा च्च् आवाज आला म्हणजे दुडकी.

आम्ही हसलो. आबा हसले नाहीत. "पन्नास वर्षं हा आवाज मी घोडं थोपटायला काढतोय," ते म्हणाले. ह्यांचं म्हणणं, सगळ्या जगात हा आवाज पुढं चल म्हणून काढतात. आबांचं म्हणणं, जग गेलं उडत, घोडी कोल्हापुरात आहे.

त्या रात्री जेवणं झाल्यावर आमच्या घरात जी बैठक बसली तशी मी वाटणीच्या वेळीसुद्धा बघितली नाही. पोरीच्या शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर यादी केली. कुठला आवाज कशासाठी. थांबायला काय, चालायला काय, मागं सरायला काय. थोपटताना काय बोलायचं, रागावताना काय. आबांचा "होऽ" थांबण्यासाठी कायम राहिला, कारण ह्यांचं इंग्रजी "व्होऽ" कानाला तेच लागतं. जिभेचा आवाज ह्यांना मिळाला. त्या बदल्यात चाबूक रिंगणात न्यायचा तर कुणाच्या हातात, हे आबा ठरवणार. यादी तबेल्याच्या दारावर चिकटवली. दोन दिवसांत तिच्यावर आबांच्या पेन्सिलीच्या खुणा दिसायला लागल्या, पण फाडली नाही कुणी.

इतक्या वर्षांत मला एवढं मात्र पक्कं वाटायला लागलंय. लोकांना वाटतं आम्ही घोडे शिकवतो. घोडा शिकायला फार वेळ घेत नाही. चार माणसांच्या घरानं एका जनावराशी एकसारखं वागायचं, ह्याला वर्षं लागतात. मोठ्या क्लबात एक मुख्य प्रशिक्षक असतो, तो म्हणेल तसं सगळे वागतात. घरच्या धंद्यात मुख्य कोण, हे सकाळी वेगळं असतं आणि संध्याकाळी वेगळं.

आबांवर अन्याय नको. ह्यांच्या वहीत नाही ते आबांच्या हातात आहे. खुराला तळव्याची मागची बाजू लावून ते सांगतात, ह्या पायात ऊब आहे, आज कामाला काढू नका. दुसऱ्या दिवशी डॉक्टर तेच सांगतो. घोड्याला स्वतःच्या कपाळासमोरचं अगदी जवळचं आणि शेपटीमागचं दिसत नाही, बाकी जवळजवळ सगळीकडचं दिसतं. हे आम्ही मुलांना चित्र काढून शिकवतो. आबा चित्र काढत नाहीत. त्यांच्या चालण्याची वाटच अशी आहे, की ते घोड्याला कधी अचानक भेटत नाहीत. मात्र त्यांच्या काळची रग मोडायची पद्धत, थकवून थकवून, भिववून, ती मला बघवत नाही आणि ह्यांनी ती बंद केली हे बरंच केलं. भीतीनं शिकलेलं जनावर, आणखी मोठी भीती दिसली की पहिली विसरतं. मग पाठीवर पोर असो नाहीतर नवरदेव.

आबांचं जुन्या काळाबद्दलचं सगळं बोलणं शाहू महाराजांपाशी येऊन थांबतं, कोल्हापुरात दुसरीकडं कुठं थांबणार म्हणा. महाराज स्वतः खडखडा हाकायचे. नव्या घोड्यांना गाडीची सवय लावायची ती गाडी. अशा गाडीला एक जाणतं जनावर आणि शेजारी एक नवखं जुंपायचं, नवखं बावरलं तरी जाणत्याच्या जिवावर वाट कापतं. आम्ही आजही तेच करतो, फक्त गाडीशिवाय. रेसमधून उतरलेला थरोब्रेड सुलतान आमच्याकडं म्हातारपण काढतोय. कुठलंही नवं जनावर पहिल्यांदा रस्त्यावर काढायचं तर सुलतान पुढं.

पण कोल्हापुरातल्या पागेची गोष्ट नुसत्या घोड्यांची सांगून भागत नाही. गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पागेत कामाला होते. पाण्याला हात लावला म्हणून वरच्या जातीच्या नोकरांनी त्यांना बडवलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि पुढं गंगारामांना भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल काढायला पाठबळ दिलं, स्वतः तिथं थांबून चहा घ्यायचे. आबा ही गोष्ट प्रत्येक नव्या बॅचला सांगतात. का सांगतात, ते पहिल्यांदा मला कळायचं नाही. मग एकदा एका आईनं विचारलं, "लीदपण माझ्याच मुलानं काढायची का? त्याला माणूस नाही का तुमच्याकडं?" आबा म्हणाले, "हाय की. त्योच माणूस." आणि पोराच्या हातात घमेलं दिलं.

शिकायला येणाऱ्यांत मुली जास्त आहेत. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या शिस्तीच्या चालींचं, सांघिक सुवर्ण भारताला मिळालं, घोडेस्वारीतलं १९८२ नंतरचं पहिलं, तेव्हा आठवडाभर फोन खणखणत होता. शिवजयंतीच्या आधी वेगळे फोन येतात. त्यांना शिकायचं नसतं, मावळ्याच्या पोशाखात फोटो हवा असतो. घोडा पुढचे दोन पाय उचलून उभा राहील का, कावळा नाक्यावरच्या ताराराणींच्या पुतळ्यासारखा, असंही विचारतात. नाही राहणार. आणि राहिला तर तुमचं पोर वर राहणार नाही.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे पैलवान. तालमींचं गाव हे. घोड्यावर स्वार आणि खोगीर मिळून त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भार नको, असा साधारण नियम. आमच्या लाडीवर सत्तर-पंच्याहत्तर किलोच्या वर नाही. दारात एकशेदहा किलोचा गडी उभा, कान मोडलेले, नम्र. त्याला नाही कसं म्हणायचं? ह्यांनी आकडे सांगितले, त्याचा चेहरा पडला. आबांनी त्याला लाडीपाशी नेलं, पाठीवर हात ठेवायला सांगितला आणि म्हणाले, "तुझ्याएवढा गडी तुझ्या पाठीवर घिऊन रंकाळ्याला फेरी मारशील का रं?" गडी म्हणाला, "मारीन की आबा." अशी पंचाईत. शेवटी तो सुलतानला चालवत फिरवायला दर रविवारी यायला लागला. खरारा त्याच्यासारखा कुणी मारत नाही.

वरातीवरून मात्र आमच्या घरात खरं वैर झालं असतं. शिकवणी मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत भरते. बाकी महिने घर वरातीवर चालायचं. आणि वरात म्हणजे डॉल्बी. भिंतीला हात लावला तर हाताला कळतो असला आवाज, वर लेझरचे झोत, फटाके, नाचणारी टोळकी घोडीच्या पोटाखाली. कान दोन्हीकडं वळवत प्रत्येक बारीक आवाज टिपणारं हे जनावर. रात्री वरात केलेली लाडी दुसऱ्या दिवशी शिकवणीला यायची तेव्हा अंग ताठ, पापणी लवत नाही, आणि कुणी छत्री उघडली तरी ती बाजूला उडी घ्यायची. हे म्हणाले, वरात बंद. आबा म्हणाले, वरातीनं तुझं शिक्षण झालं. दोघांचंही खरं होतं, म्हणून तोडगा निघेना. वर लोकांना घोडी नाचरीच हवी. ती कशी नाचवायला शिकवतात ते मी इथं लिहित नाही. आम्ही ते शिकवत नाही, एवढंच.

२०२० च्या टाळेबंदीत तर वरातही गेली आणि शिकवणीही. दाणा तेवढाच लागत होता. एक घोडी विकावी लागली. चांगल्या घरी गेली, पण तिला गाडीत चढवताना आबा तिथं थांबले नाहीत.

नंतर सगळं परत सुरू झालं तसा वाद परत सुरू झाला. तो आईंनी मिटवला, भाकरी थापता थापता. "लाडी शिकवणीची. बिजली वरातीची. एका जनावराला दोन धंदे नगोत. माणसाला झेपत नाहीत, तिला कुठनं झेपतील?" बिजली थोराड, अंगानं आणि मनानंही. तिच्या कानात कापसाचे बोळे घालतो, घोडी डॉल्बीच्या खूप पुढं चालेल ही अट आधी सांगतो, आणि अट मोडली तर नवरदेवाला उतरवून घोडी परत आणतो. असं एकदा केलं आहे. गावभर चर्चा झाली, बिदागी गेली. पुढच्या हंगामात मात्र अट कुणी मोडली नाही.

आमच्या जागेचं एक दुखणं म्हणजे पंचगंगा. राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर धोका. रेडेडोह फुटला, म्हणजे नदी तिथं पात्राबाहेर पडली, की पन्हाळ्याचा रस्ता बंद. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ज्या वेगानं चढलं तसं आबांनीही बघितलं नव्हतं. पहाटे जनावरं केर्लीच्या बाजूला, पाहुण्यांच्या गोठ्यात हलवायची ठरली. मधे रस्त्यावर गुडघाभर पाणी, वाहतं. सुलतान गेला. बिजली गेली. भीमथडी तट्टू गुंड्या, ज्याला आम्ही सगळ्यात बिनकामाचा म्हणायचो, तो पाणी पीत पीत गेला. लाडी काठावर अडून राहिली.

आबा पुढून ओढत होते, भाऊजी मागून हाकत होते. मदतीला आलेली शेजारची सहा-सात माणसं आपापल्या परीनं ओरडत होती. चल चल, होऽ होऽ, हाण की तिला, डोळं झाका तिचं. लाडीचे कान गोल फिरत होते. थांब म्हणणारा एक, चल म्हणणारा दुसरा. मला वाटतं तिला पाण्याची भीती नव्हतीच तेवढी. आई छत्रीखाली पोत्यात दाणा धरून उभ्या होत्या, त्या एवढ्या जोरात ओरडल्या की पावसातही ऐकू गेलं. "गप बसा समदी!" सगळे गप्प झाले. मग ह्यांनी दोर ढिला सोडला, तिच्या खांद्यापाशी उभे राहिले आणि वाट बघितली. पाणी चढतंय आणि हा माणूस वाट बघतोय. मला रडू येत होतं. लाडीनं खाली मान घातली, पाणी हुंगलं, एक पाय टाकला. ह्यांनी "शाब्बास" म्हटलं, यादीतला शब्द. बाकीची पावलं तिची तिनं टाकली.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात रिंगणाच्या एका कोपऱ्यात आम्ही खड्डा खणून पाणी भरतो आणि सगळ्या जनावरांना त्यातून चालवतो. मुलांना ही मजा वाटते, त्यांना कारण सांगत नाही. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी परत आलं तेव्हा ३९ ची वाट न बघता निघालो होतो, आणि लाडी गुंड्याच्या मागोमाग मुकाट गेली.

आता लाडीला शिंगरू झालंय. अकरा महिने आबांनी तिला पोरीच्या बाळंतपणासारखी जपली. पंचकल्याणी आहे, चारी पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा, त्यामुळं आबा हवेत. पाठीवर माणूस कधी बसवायचं ह्यावर आत्ताच दोन पक्ष पडलेत. आबा म्हणतात दुसरं वर्ष संपलं की. हे म्हणतात तिसरं संपेपर्यंत खोगीरसुद्धा नाही, हाडं भरायची असतात, कण्याची तर पाच वर्षं पुरी होईपर्यंत चालू असतात. पोरगी म्हणते, "मी शिकवतो तिला, तुम्ही दोघं लांब राव्हा." आमच्याकडच्या पोरी अशाच बोलतात, तुम्ही पुण्यामुंबईचे असाल तर समजून घ्या.

शिंगराला पहिला शब्द कुठला शिकवायचा, ह्याचीही ह्यांनी वहीत तयारी केली होती. बाजूला सरकण्यासाठी इंग्रजी शब्द, हलका दाब, लगेच सोड. दिवस ठरला, मुलं जमली. हे शिंगराजवळ गेले, शब्द म्हटला, दाब दिला. शिंगरू ढिम्म. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. तेवढ्यात आई खराटा घेऊन आत आल्या, कुणाकडं न बघता म्हणाल्या, "सरक गं बाई." शिंगरू दोन पावलं नीट बाजूला झालं आणि आईंचं झाडून होईपर्यंत तिथंच उभं राहिलं. जन्मल्यापासून रोज सकाळी तेच चाललेलं. बोलून झालं की आई हात मागं घेतात, कारण त्यांना झाडायचं असतं. वहीतल्यासारखी वेळ साधली गेली होती.

यादीत तो शब्द घालावा लागला. ह्यांनी कपाळाला आठ्या घालून लिहिला, आबांनी त्याच्याखाली पेन्सिलीनं दोन रेघा मारल्या. आता इंग्रजी शाळेतली मुलंसुद्धा तबेल्यात शिरताना सगळ्या जनावरांना तेच म्हणतात. परवा एका मुलानं सुलतानला म्हटलं. सुलतान बाई नाही. पण सरकला.